चांगल्या घरी देणे आहे

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली, की आमच्या घरात दोन गोष्टी होतात. सुजाता माळ्यावरच्या गोधड्या काढून गॅलरीत उन्हाला टाकते आणि मी विषय बदलतो. गंमत म्हणजे तिनं कुठलाच विषय काढलेला नसतो. ती आपली गोधडी झटकत असते. मीच उगाच मटारचा भाव, मुलाचा फोन, सोसायटीची पाण्याची मोटर असलं काहीतरी बडबडायला लागतो. मग ती गोधडीआडून म्हणते, "कळलं हो. थंडी पडली."

बायकोनं माणसाला इतकं ओळखणं बरं नाही.

नाशिकची थंडी तशी सज्जन. सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, स्कूटर दहा लाथा खाऊनही दाद देत नाही, फरशीवर पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत बातमी जाते. एवढंच. निफाडची मात्र दुष्ट. आणि तिच्याशी माझं नातं वडिलोपार्जित आहे. माझे वडील निफाडकडे द्राक्षाच्या बागांमध्ये कामाला होते. बागा लोकांच्या, थंडी आमची. कडाका पडला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत ओळींच्या मधोमध शेकोट्या पेटवतात, त्यावर ओला पाचोळा टाकून धूर धरतात. हा धूर धरायचं काम वडिलांकडे. सकाळी ते घरी यायचे तेव्हा बंडीला, केसांना, मिशांना धुराचा वास. आई म्हणायची, "आला बघा आमचा भाजका बटाटा." वडील हसायचे आणि खोकायचे. यातलं हसणं कुठं संपलं आणि खोकणं कुठं सुरू झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या गावात एक करडी मांजर होती. सकाळी ती बागवाल्यांच्या स्वयंपाकघरात दूध प्यायची आणि दुपारी आमच्या वस्तीत येऊन बोंबलाची डोकी खायची. संध्याकाळी मिशा चाटत परत तिकडे. ज्या स्वयंपाकघराचा उंबरा माझ्या वडिलांनी जन्मात ओलांडला नाही, जिथं त्यांना शेकोटीच्या काड्यापेटीसाठीसुद्धा बाहेर, ओट्याच्या पायऱ्यांखाली उभं राहून हाक मारावी लागायची, त्या स्वयंपाकघरात ही बया आमच्या बोंबलाचा वास घेऊन थेट चुलीपर्यंत. लहानपणी मला तिचा फार हेवा वाटे. मोठेपणी मी काय व्हावं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी मांजर म्हणालो असतो. कुणी विचारलं नाही आणि मी कारकून झालो.

एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये. नट, बोल्ट, बेअरिंग आणि माझ्यासारखी काही न हलणारी यंत्रं तिथं रांगेनं ठेवलेली असत.

मी ज्या थंडीबद्दल बोलतोय ती दोन हजार सालाच्या आगेमागची. आम्ही जेल रोडला नवा फ्लॅट घेतला होता. त्याआधी आम्ही आमच्याच लोकांच्या कॉलनीत राहायचो. तिथं दारं उघडी. शिंकलं तरी तीन घरांतून "काय झालं?" यायचं, आणि काय झालं ते सांगायच्या आत काढा यायचा. फ्लॅटमध्ये दारं बंद, दारांवर पितळी पाट्या, जिन्यात "नमस्कार". वर जाताना नमस्कार, खाली येताना नमस्कार. इतका नमस्कार मी आयुष्यात कुणाला केला नव्हता. मुलगा त्याच वर्षी पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. सुजाता महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ती दुपारी घरी यायची, कुलूप काढायची, आणि मी येईपर्यंत त्या घरात तिला बोलायला फक्त कुकर होता.

माझ्या डोक्यात अशा वेळी नेहमी एखादी नामी कल्पना येते. माझ्या नामी कल्पनांचा इतिहास फारसा चांगला नाही, पण ते सोडा.

"घरात उंदीर झालेत," मी जाहीर केलं. "मांजर आणू."

"कुठाय उंदीर?"

"मी पाहिला. मोरीत."

"एक?"

"बाकीचे लाजाळू असतील."

"मला नको," सुजाता म्हणाली. "मी वह्या तपासू, का मांजराची घाण काढू?"

तिचा नकार मी होकार समजलो. लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं.

गंगापूर रोडला एका औषधाच्या दुकानाच्या काचेवर मी कागद पाहिला होता. सुवाच्य अक्षरात लिहिलेला. 'मांजराची पिल्ले चांगल्या घरी देणे आहे. घर पाहून दिली जातील.' मला हसूच आलं. मुलगी द्यावी तसं मांजर देतायत. म्हटलं, चला, मुलगी बघायला जाऊन जमाना झाला.

त्या बाईंना सगळा परिसर काकूच म्हणायचा, तेव्हा मीही तेच म्हणतो. साठीच्या असतील. छोटा बंगला, पुढं जास्वंद, आणि मागच्या पडवीत खोकीच खोकी. प्रत्येक खोक्यात जुन्या साड्यांच्या घड्या, त्याखाली गरम पाण्याची बाटली, वर लोंबता दिवा आणि मध्ये मुठीएवढी पिल्लं. शहरात कुठंही टाकून दिलेलं पिल्लू दिसलं की लोक काकूंकडे आणून द्यायचे. काकू त्यांना ड्रॉपरनं दूध पाजायच्या, वाढवायच्या आणि घर शोधून द्यायच्या. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. त्याबद्दल त्या काही बोलत नसत. मी गेलो तेव्हा एका पिल्लाचे चिकटलेले डोळे त्या कोमट पाण्याच्या कापसानं पुसत होत्या. पू आला तो बोटानं काढला, बोट पदराला पुसलं, आणि मला म्हणाल्या, "बसा ना. कुठून आलात?"

हे मी मुद्दाम सांगतोय. बाई चांगली होती. वाईट असती तर ही गोष्ट मी कधीच विसरून गेलो असतो.

"आडनाव काय आपलं?"

"मोरे."

"कुठले मोरे?"

"निफाडकडचे."

"अरे वा! म्हणजे घरची द्राक्षं."

आता इथं मी नीट उत्तर द्यायला हवं होतं. पण फुकटात कुणी बागायतदार करत असेल तर माझ्यासारख्याला मोह पडतो. "थंडीच्या दिवसांत वडील बागेतच मुक्कामाला असायचे," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"हल्ली कोण एवढं जातीनं लक्ष घालतं!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी मला चहा दिला. चांगला होता. कपही चांगला होता, नक्षीचा.

मग चौकशी. घर स्वतःचं का, कितव्या मजल्यावर, गॅलरीला जाळी आहे का, कुत्रं नाही ना, घरी कोण असतं. माझ्या सासऱ्यांनी मला यातलं काहीही विचारलं नव्हतं. शेवटी काकूंनी एक पिवळसर पट्ट्यांचं पिल्लू माझ्या हातात ठेवलं. कान मोठे, तोंड लहान, चेहऱ्यावर कायमची तक्रार.

"हा मासळीच्या दुकानांमागं गटारात सापडला. गळ्यापर्यंत घाणीत. पण मी त्याला अगदी दूधभातावर वाढवलाय हो. मासळीचा वाससुद्धा लागू दिला नाही."

"मासळीच्या गटारातला ना?"

"म्हणून तर!" काकू म्हणाल्या.

अट एकच. पंधरवडाभर ठेवा, मग मी घर बघायला येईन. सगळं ठीक असेल तर पिल्लू तुमचं.

आमच्याकडे अशी रीत आहे, की नवं मांजर आणताना त्याला वाट दिसू द्यायची नाही. दिसली तर ते परत जातं. वडील तर मांजर पोत्यात घालून आणायचे आणि शेवटच्या वळणावर पोतं दोनदा गरगरा फिरवायचे. मी सुशिक्षित असल्यामुळे पोत्याऐवजी टोपलीला मफलर गुंडाळला आणि स्कूटर फिरवली. द्वारका चौकाला एक फेरी मारली, मग उगाच काठे गल्लीत शिरलो, तिथून कुठल्याशा कॉलनीत, तिथून आणखी आत. पिल्लू टोपलीत गाढ झोपलेलं. चुकलो मी. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर पेट्रोल संपलं, आणि कानाला मफलर नसलेला, हातात घोरणारी टोपली घेतलेला हा गृहस्थ स्कूटर ढकलत लोकांना जेल रोड कुठं म्हणून विचारत निघाला. घरी पोचलो तेव्हा माझं नाक गाजरासारखं झालं होतं.

सुजातानं टोपली उघडली. पिल्लानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, जांभई दिली, आणि सोफ्यावर रचलेल्या सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसलं.

"आमच्या हेडमास्तरांसारखंच आहे," ती म्हणाली. "काम नाही करायचं. नुसतं पेपरांवर बसायचं."

झालं नाव. हेडमास्तर.

त्या दिवसांचं मला काय काय आठवतं सांगू? गॅलरीतलं दुपारचं ऊन आणि उन्हात तापलेल्या गोधडीवर पसरलेला तो पिवळा गोळा. त्याच्या अंगाला त्या उन्हाचा आणि गोधडीतल्या जुन्या सुती साड्यांचा वास यायचा. मटार सोलताना सुजाता एक दाणा फरशीवर घरंगळत सोडायची आणि हेडमास्तर त्याच्यामागे मोरीपर्यंत जायचे. रविवारी मी घरात असायचो तेव्हा आतून तिचा आवाज ऐकू यायचा. "पाण्याचे दोन उपयोग लिहा. काय लिहिलंय बघा हेडमास्तर, पाणी प्यायला व भांडायला उपयोगी पडते. देऊ का मार्क? देऊ? देते." तो आवाज मुलगा लहान असताना घरात असायचा. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसायचो. पेपर उलटा आहे हे मला एकदा तिनंच सांगितलं.

आणि एक झालं. हेडमास्तर गॅलरीच्या कठड्यावरून शेजारच्यांकडे गेले. त्या घरातल्या बाईंनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आमची बेल वाजवली. "तुमचं मांजर आमच्याकडे आलंय, बघा ना, देवघरासमोर बसलंय अगदी ध्यान लावून!" सुजाता आणायला गेली ती अर्ध्या तासानं आली. दुसऱ्या दिवशी त्या बाई आमच्याकडे आल्या. मांजराच्या मागं मागं दोन दारं उघडली. मी मनात म्हटलं, मोरे, आयुष्यातली एक तरी कल्पना तुला जमली.

पंधरवडा संपत आला. काकूंचा फोन आला, रविवारी येते.

"घर बघायला येणार म्हणजे नक्की काय बघणार?" सुजातानं विचारलं.

"गॅलरीची जाळी."

"जाळीच बघायची असेल तर ठीक."

"आणखी काय बघणार?"

"भिंती," ती म्हणाली.

"भिंतींना काय झालंय? दिवाळीतच तर रंग दिलाय."

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि आत गेली. मी जाळी आणली. जाळी मारताना स्टुलावरून घसरलो आणि बनियनसकट जाळीत अडकलो. हेडमास्तर खाली बसून बघत होते. त्या आठवड्यात आम्ही घरात बोंबील, सुकट, मटण काही शिजवलं नाही. वास राहायला नको म्हणून सुजातानं पडदे धुतले, कढई घासली, उदबत्त्या लावल्या. मी म्हणालो, "अगं, मांजराचं लग्न आहे का?" ती हसली. तिला हसवलं की माझं काम झालं, असं मला तेव्हा वाटायचं.

काकू आल्या. जिना चढून दम लागला होता. आल्या आल्या म्हणाल्या, "चहा टाका हं, बिनसाखरेचा. काय थंडी आहे!" सुजातानं ठेवणीतले कप काढले. काकूंनी जाळी ओढून पाहिली, पिल्लाचं पातेलं पाहिलं, दुधाचं विचारलं. "घर किती स्वच्छ ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. म्हणजे पास. मी खूश. टीव्हीवर बुद्धाची मूर्ती होती. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "छान आहे. आमच्या शोकेसमध्ये पण आहे, काचेचा. कुठून घेतली?" आणि हे म्हणता म्हणता त्यांची नजर मूर्तीच्या वर गेली. वर निळ्या कोटातली, चष्म्यातली तसबीर. कुणाची ते सांगायला नकोच. नव्या हाराची.

सुजाता चहा घेऊन बाहेर आली होती.

"म्हणजे... तुम्ही मोरे म्हणजे..." काकूंनी वाक्य अर्धवट सोडलं.

अर्धवट वाक्य दिसलं की मी पूर्ण करतो, सवयच आहे. "म्हणजे आम्ही ते मोरे नाही, काकू. हे मोरे!" असं म्हणून मी मोठ्यांदा हसलो. काकूही हसल्या. "नाही नाही, तसं काही नाही," म्हणाल्या. आम्ही दोघं खूप हसलो. सुजातानं कप त्यांच्यासमोर ठेवला.

मग त्या पुष्कळ बोलल्या. थंडीबद्दल, रस्त्याबद्दल, गुडघ्यांबद्दल. कपाकडे हात गेला नाही. "घ्या ना, गार होतोय," सुजाता म्हणाली. "हो हो, घेते," काकू म्हणाल्या. चहावर साय धरली. "पाणी देऊ?" "नको गं, थंडीत तहानच लागत नाही." तेवढ्यात हेडमास्तर दिवाणाखालून बाहेर आले. तोंडात पालीचं शेपूट. वळवळतं.

"बघा काकू," मी म्हणालो, "तुमचा दूधभात सुटला! कर्तबगार निघाला."

पंधरा दिवसांत पिल्लानं एकच पराक्रम केला, तो त्या क्षणी, आणि त्याची जाहिरात मी केली. काकूंच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. "अरे देवा. सवय मोडली की हो त्याची. आणि जरा अशक्तही वाटतोय नाही का? असं करते, दोन दिवस घेऊन जाते. इंजेक्शनही राहिलंय. मग आणून देते."

"हो हो, न्या ना," मी म्हणालो.

टोपली मीच आणली. पिल्लाला मीच आत घातलं, ते माझ्या मनगटाला धरून बसलं होतं, एकेक नख सोडवलं. टोपली घेऊन जिना मीच उतरलो, वर मफलर गुंडाळायलाही विसरलो नाही. काकूंची दुचाकी थंडीनं चालू होईना तर तिला किकही मीच मारल्या. शेवटी ती पेटली तेव्हा खाली उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी कमरेत वाकून त्यांना सलाम केला. "या परत," असं काकूंना म्हणालो.

वर आलो तर सुजाता बेसिनपाशी उभी. तो कप पालथा करून चहा सांडत होती. साय नळीत अडकली होती ती बोटानं ढकलत होती.

"दोन दिवसांनी आणतायत," मी म्हणालो.

"तुम्ही खरंच हो..." ती म्हणाली. मग म्हणाली, "किक कशाला मारलीत?"

गटारात गळ्यापर्यंत बुडालेल्या पिल्लाला या बाईंनी उचललं होतं. दुसऱ्या एकाच्या डोळ्यातला पू बोटानं काढून ते बोट पदराला पुसताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो हात आमच्या ठेवणीतल्या कपापर्यंत पोचला नाही, आणि मधे अंतर तरी किती, फूटभर. हे अंतर कसं मोजायचं ते मला स्टोअरमध्ये इतकी वर्षं मापं मोजूनही समजलं नाही. राग यावा तर समोर वाईट माणूस हवा. इथं दयाळू बाई होती. दया तिनं कुणाकुणावर करायची ते आधीच ठरलेलं होतं आणि त्यात आमचं नाव नव्हतं. आम्हाला दया नकोच होती म्हणा. एक मांजर हवं होतं.

दोन दिवस झाले, आठवडा झाला. संध्याकाळी बाहेर दुचाकीचा आवाज आला की सुजाता गॅलरीत जायची नाही. पहिले काही दिवस जायची, म्हणून सांगतोय. मी काकूंकडे गेलो. पडवीतच उभ्या होत्या, दाराशी.

"अहो, काय झालं मोरे, एका चांगल्या घरी दिला त्याला. मोठा बंगला आहे. मोकळी जागा."

"आमचं घरही तसं वाईट नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावर आहे," मी म्हणालो. विनोद. अजून विनोद.

"गैरसमज करून घेऊ नका हं. आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत. माझ्या मुलाचा अगदी जवळचा मित्र तुमच्यातलाच आहे. येतो जेवायला. पण मांजराचं वेगळं असतं हो, ते ज्या घरात वाढतं तसं होतं."

मी मान डोलावली. या वाक्याला मी मान का डोलावली, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

ऑफिसात मात्र मी ही गोष्ट रंगवून सांगितली. गटारातलं शाकाहारी मांजर, पेट्रोल संपलेली स्कूटर, पालीचं शेपूट. किक मारण्याची नक्कल तर इतकी जमायची की लोक मला दोनदा करायला लावायचे. एकदा घरी पाहुण्यांसमोर केली. सगळे हसून लोळले. सुजाता उठून आत गेली, आणि ती परत बाहेर येईपर्यंत मी एका पायावर तसाच उभा होतो.

शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, "तुमचं मांजर दिसत नाही?" सुजाता म्हणाली, "त्याला चांगलं घर मिळालं." पुढं विचारायला काही उरलं नाही. दारं पुन्हा आपापल्या जागी लागली, जिन्यात पुन्हा नमस्कार सुरू झाले.

थंडी ओसरली. निफाडच्या बागांतली द्राक्षं हातगाड्यांवर आली. आणि एका दुपारी काकूंचा फोन आला. मी एकलहऱ्याला होतो, सुजातानं उचलला. त्यांचं बोलणं तिनं मला एकदाच सांगितलं, सरळ, वर्गात धडा वाचून दाखवावा तसं.

त्या मोठ्या बंगल्यातल्या लोकांनी हेडमास्तर परत आणून दिला होता. त्यानं त्यांच्या पिंजऱ्यातला पक्षी मारला. काकू मुलाकडे परदेशी निघाल्या होत्या. बाकी सगळी पिल्लं कुठं कुठं गेली, हा एकटा राहिला.

"तुमच्याकडे छान रमला होता ना गं," काकू म्हणाल्या. "घेऊन जा त्याला. आता तर त्याला मांसाची चटकच लागलीय, दुसरीकडे कुठं ठेवणार? तुम्हाला काय, चालतंच."

"आणि आम्ही नाही नेलं तर?"

"तर मग गंगेवर, भाजीबाजारात सोडायला सांगीन कुणाला तरी. तिथं मिळतं त्यांना काहीबाही. पण तुम्ही नेलंत तर बरं."

सुजाता म्हणाली, "नाही काकू. आम्हाला नाही चालत."

आणि तिनं फोन ठेवला.

हे मला सांगून ती भाकऱ्या करायला लागली. मी थोडा वेळ ओट्याशी उभा राहिलो. एखादी कोटी सुचते का बघत होतो. सुचली नाही. "मी जाऊन आणू का?" विचारलं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. माझं मी सांगितलंय."

ठरवायला मला दोन दिवस लागले. मी अशा बाबतीत सावकाश आहे. गेलो तर काकूंच्या बंगल्याला कुलूप, पडवी धुतलेली, खोकी एकात एक घालून कोपऱ्यात रचलेली. मग मी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी गेलो. तिथं बाजार भरलेला. मेथीच्या जुड्या, कोथिंबिरीचे ढीग, ओली पोती, रिकाम्या जाळ्या, आणि पोत्यांच्या आडोशाला मांजरंच मांजरं. पिवळी, पट्ट्यांची, मोठ्या कानांची. प्रत्येकाच्या तोंडावर तक्रार. पंधरा दिवस ज्याला उशाशी घेऊन झोपलो ते त्यातलं कुठलं, मला सांगता येईना. म्हणून मी हाका मारायला लागलो. "हेडमास्तर! ओ हेडमास्तर!"

"कोणाला हुडकताय दादा?" एका मेथीवालीनं विचारलं.

"हेडमास्तरला."

"हेडमास्तर इथं कुठं भेटायचा? पगार झाला आसंल, बँकेत बघा." तिच्या शेजारणी खो खो हसल्या. एरवी अशा संधीला मी दोन वाक्यं तरी टाकली असती. तिथं मी पुढच्या पोत्याआड वाकून पुन्हा हाक मारली. एकही मांजर माझ्याकडे वळलं नाही. एक पिवळं पोत्यावरून उठलं, माझ्या पायाशी येऊन वास घेतला, आणि दुसऱ्या गाडीखाली निघून गेलं. ते तेच होतं का? वीस-बावीस वर्षं मी ठरवतोय. कधी होतं असं ठरतं, कधी नव्हतं. नव्हतं असं ठरलेले दिवस बरे जातात.

घरी आलो तेव्हा अंधार पडत होता. सुजातानं दार उघडलं, माझ्या हातांकडे पाहिलं. हातात मेथीची जुडी होती. बाजारात गेल्याचं काहीतरी निमित्त असावं म्हणून घेतली असेन. तिनं ती घेतली, खाली बसली आणि निवडायला लागली. मी समोर बसलो. तिनं पानं एकीकडे केली, देठं एकीकडे. मग मान वर न करता म्हणाली,

"माझं चुकलं का हो?"

"नाही," मी म्हणालो.

आणि नाहीच चुकलं. कुणीही विचारा, मी आजही तेच सांगेन, त्या फोनवर दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं. फक्त त्या पिल्लाला ते कसं समजावून सांगायचं असतं, एवढं मला अजून जमलेलं नाही.